दोन बोटं म्हणजे पाय सरळ

उंची 13,000 फूट. विमानाच्या दारातून तिघं एकदम बाहेर पडतात. मधला शिकाऊ, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक प्रशिक्षक, दोघांनीही त्याचा सूट घट्ट धरलेला. दहा-बारा सेकंदांत वेग ताशी 190 ते 200 किलोमीटरवर जातो आणि कानांत वाऱ्याखेरीज काही उरत नाही. तेवढ्यात शिकाऊच्या तोंडासमोर एक हात येतो. तर्जनी आणि मधलं बोट, दोन्ही ताठ. म्हणजे, ‘पाय लांब कर.’

भीतीनं गुडघे पोटाकडे ओढले जातात, हे नवख्याच्या लक्षातही येत नाही. नडग्यांवर वारा पुरेसा बसला नाही की शरीर मागे घसरू लागतं आणि दोन्ही प्रशिक्षकांना त्याच्याबरोबर फरपटावं लागतं. त्यानं पाय लांब केले की घसरण थांबते. या संवादात उत्तर तोंडानं द्यायचं नसतंच. पाय सरळ झाले, हेच उत्तर.

बोलून का सांगत नाहीत? एक तर ऐकू येत नाही. दुसरं कारण हिशेबाचं आहे. या वेगात माणूस सेकंदाला साधारण 55 मीटर खाली येतो. ‘अरे, पाय जरा सरळ कर बघू,’ एवढं म्हणायला तीन सेकंद लागले, तर तेवढ्यात साडेपाचशे फूट संपले. पहिल्या उडीत पॅराशूट साडेपाच हजार फुटांच्या आसपास उघडायचं असतं, म्हणजे सगळा वर्ग जेमतेम पाऊण मिनिटाचा. रेडिओ असतो, पण तो कामाला येतो नंतर. छत्री उघडून शांतता झाली की हेल्मेटमधल्या रेडिओवर जमिनीवरचा प्रशिक्षक डावं-उजवं सांगत शिकाऊला उतरवून घेतो.

आवाज पोचत नाही तिथे हातानं काम भागवायची रीत मराठी माणसाला नवी नाही. पालखीच्या समाजआरतीच्या वेळी चोपदार दंड उंचावतो आणि हजारो टाळ एकदम थांबतात. फरक एवढाच, की चोपदाराची खूण वारकऱ्याच्या पिढ्यान्‌पिढ्या अंगात मुरलेली असते. आकाशातल्या शिकाऊनं ती कालच पाठ केलेली असते.

या पद्धतीला ‘अ‍ॅक्सिलरेटेड फ्रीफॉल’, थोडक्यात एएफएफ म्हणतात. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला ती अमेरिकेत रूढ झाली. त्याआधी नवख्याचं पॅराशूट विमानाला बांधलेल्या दोरीनं लगेच उघडायचं आणि मोकळ्या पडण्याचा काळ उडीगणिक थोडा थोडा वाढवत न्यायचे. एएफएफमध्ये पहिल्याच उडीत लांब फ्रीफॉल मिळतो, पण सोबत प्रशिक्षक असतात. नेहमीच्या सात टप्प्यांपैकी पहिल्या तीनांत दोन, पुढे एक.

पुण्याच्या शीतल महाजन यांच्या दोन उड्या शेजारी ठेवल्या की हा फरक कळतो. 18 एप्रिल 2004 रोजी त्यांनी उत्तर ध्रुवावर हेलिकॉप्टरमधून 2,400 फुटांवरून उडी मारली. ती त्यांची आयुष्यातली पहिलीच उडी, आधी सरावाची एकही नाही. एवढ्या उंचीवरून खुणांच्या संवादाला वेळच नसतो. डिसेंबर 2006 मध्ये अंटार्क्टिकावर त्यांनी 11,600 फुटांवरून उडी मारली ती एएफएफ पद्धतीची. पुढे 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि 2018 मध्ये त्यांनी थायलंडला नऊवारी नेसून उडी मारली. फोटो त्या नऊवारीचेच सगळीकडे फिरले, ते साहजिकही आहे. शिकण्याच्या दृष्टीनं मात्र अंटार्क्टिकाची उडी जास्त बोलकी.

खुणांची यादी हाताच्या बोटांवर मावेल एवढीच. दोन बोटं ताठ म्हणजे पाय लांब. तीच वाकवली की पाय आत. मनगटाकडे बोट म्हणजे उंची बघ, कारण अल्टिमीटर डाव्या मनगटावर असतो. अंगठा आणि करंगळी बाहेर काढून हात सैल हलवला की अंग सैल सोड. (ही खूण सर्वांत जास्त वेळा दाखवावी लागत असणार.) अंगठा खाली म्हणजे कंबर खाली दाब, अंग धनुष्यासारखं वाकव. बॅडमिंटनचं फूल जसं जड बाजूनं खाली येतं, तसं कंबर खाली आणि हातपाय वर असले की शरीर आपोआप स्थिर राहतं. शाळेशाळेत थोडा फरक असतो, म्हणून जुन्या शाळेतला विद्यार्थी नव्या ठिकाणी गेला की खुणा पुन्हा ताडून घेतात.

अंगठ्याची मोठी गंमत आहे. आपल्याकडे अंगठा दाखवणं म्हणजे ठेंगा. स्कूबा डायव्हिंगमध्ये अंगठा वर म्हणजे ‘पृष्ठभागावर चल’, तर स्कायडायव्हिंगमध्ये ‘छान चाललंय’. आणि खाली केलेल्या अंगठ्याचा अर्थ नापास असा अजिबात नाही. समुद्रात पोहून मग आकाशात शिकायला आलेल्यानं हे आधी विसरायला हवं.

हाताची भाषा किती दूर जाऊ शकते हे बघायचं तर कुंभकोणमला जावं. तिथल्या सारंगपाणी मंदिराच्या गोपुरावर नाट्यशास्त्रातल्या करणांची, म्हणजे हातापायांच्या एकत्रित नृत्यहालचालींची, शिल्पं आहेत. नाट्यशास्त्रात करणं 108 सांगितली आहेत. जवळच्या तंजावरच्या बृहदीश्वराच्या भिंतीवर त्यांतली 81 कोरली गेली आणि पुढचे दगड कोरेच राहिले. हा मुलूख मराठ्यांचाही. तंजावरच्या सरफोजीराजांनी नृत्यासाठी मराठी रचना केल्या, आणि त्यांच्याच दरबारातल्या चार भावांनी भरतनाट्यमचे धडे क्रमानं लावून दिले. त्या नृत्यात पताका हा एकच हस्त, म्हणजे हाताची मुद्रा, ढग होतो, रान होतो, नदी होतो, रात्रही होतो. अर्थ ठरतो तो मागच्या-पुढच्या अभिनयावरून.

आकाशात ही श्रीमंती जिवावर बेतेल. एका खुणेला एकच अर्थ, आणि तो विचार न करता कळला पाहिजे. तालीम मात्र नृत्यासारखीच, जमिनीवरची. चाकं लावलेल्या फळीवर शिकाऊला पालथं झोपवतात, हातपाय हवेत. समोर बसलेला प्रशिक्षक एकेक खूण दाखवतो आणि अंग हलल्याशिवाय पुढची दाखवत नाही. मध्येच फसवायला तीच खूण पुन्हा येते. अर्ध्या तासात मान अवघडते. तरीही वर गेल्यावर कित्येकांना खूण डोळ्यांसमोर असून दिसत नाही, कारण भेदरलेल्या माणसाची नजर एका ठिकाणी खिळून बसते. म्हणून क्षितिज, अल्टिमीटर, डावा प्रशिक्षक, उजवा प्रशिक्षक अशी नजर फिरवण्याचीही तालीम असते. एवढं करून उपयोग झाला नाही, तर प्रशिक्षक सरळ हातानं त्याचं अंग दाबून जागेवर आणतो.

सर्वांत महत्त्वाची खूण सर्वांत साधी: एक बोट समोर. ‘ओढ.’ पण तिची वाट बघत बसायचं नसतं. ठरलेली उंची आली की शिकाऊनं स्वतः दोन्ही हात डोक्यावर हलवून इशारा द्यायचा आणि पॅराशूट उघडायचं. तो चुकला तर बोट. बोटही दिसलं नाही, तर प्रशिक्षक त्याचं पॅराशूट उघडतो. सगळंच फसलं, तर 1991 मध्ये जर्मनीत आलेल्या ‘सायप्रेस’सारखं यंत्र पाठीवरच्या पिशवीत असतं. शिकाऊंसाठीचं यंत्र साधारण 1,000 फुटांवर, वेग अजून जास्तच असेल तर, राखीव पॅराशूट आपणहून उघडतं.

उतरल्यावर प्रशिक्षक लगेच चुका सांगत नाही. आधी विचारतो, ‘वर काय काय झालं? तू सांग.’ नंतर व्हिडिओ लावतात. त्यात शिकाऊला न आठवणाऱ्या दोन-तीन खुणा हमखास निघतात.

ज्यांना शिकायचं नाही, फक्त एकदा अनुभव घ्यायचा आहे, ते प्रशिक्षकाला बांधून टँडेम उडी मारतात. तिथे खुणांच्या यादीची गरज नाही. दारातून बाहेर पडताना हात छातीशी, पट्ट्यांना धरून ठेवायचे. खांद्यावर थाप बसली की सोडायचे आणि पसरायचे.