परसातलं तळं – भाग ५ : खडीचा वाफा

जुन्या घरांचं न्हाणीचं पाणी परसात उघडंच सोडलेलं असे. ते जिथं मुरे तिथं हमखास अळू, केळ आणि कर्दळ लावलेली असायची. त्या झाडांना मुद्दाम खत कुणी घालत नसे, तरी पानं हातभर मोठी व्हायची, आणि झाडोरा दाट असला की तिथं डबकंही साचत नसे. सांडपाण्यात आपल्याला नकोसं असलेलं जे काही असतं, ते मुळांना आणि मुळांभोवतीच्या सूक्ष्मजीवांना हवं असतं. आपल्या तळ्याची गाळणी आपण याच गोष्टीवर उभी करणार आहोत.

हे विज्ञानानं नीट तपासलेलं आहे. जर्मनीत केटे झायडेल या वनस्पतिशास्त्रज्ञ विदुषींनी १९५०च्या दशकापासून पाणगवतांच्या मुळांकडून पाणी शुद्ध करून घेण्याचे प्रयोग केले. आपल्याकडे नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेनं ‘फायटोरिड’ हे तंत्र विकसित केलं, त्यातही सांडपाणी खडी आणि पाणवनस्पतींच्या वाफ्यातून नेलं जातं. परसातल्या तळ्याला याचीच छोटी, सोपी आवृत्ती पुरते.

गेल्या चार भागांत जागा, खोदाई, शेततळ्यासाठी मिळणारा ५०० मायक्रॉनचा कागद आणि काठ एवढं झालं. आपल्या उदाहरणातलं तळं ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि मध्यभागी ७५ सेंटिमीटर खोल आहे. उतार आणि पायरी धरून सरासरी खोली ६० सेंटिमीटर येते, म्हणजे पाणी ३,६०० लिटर. आता त्यात पाणी भरून मासे सोडावेत असं मनात येणारच, पण थोडं थांबा. गाळणी आधी, मासे सगळ्यात शेवटी. हा क्रम उलटला की तळं पहिल्या महिन्यातच बिघडतं.

का बिघडतं ते बघू. पाणी घाण होतं ते मातीनं, असा आपला समज असतो. माती तर दोन दिवसांत खाली बसते. खरा घोळ अमोनियाचा. मासा तो मुख्यतः कल्ल्यांतून सतत बाहेर टाकत असतो. शिवाय न खाल्लेलं खाद्य आणि पडलेली पानं कुजूनही तो तयार होतो. तो डोळ्यांना दिसत नाही. पाणी काचेसारखं नितळ असतानाही मासे अमोनियानं मरू शकतात. पाणी जितकं उष्ण आणि अल्कधर्मी, तितका तो अधिक विषारी, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी तापतं, बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी अल्कधर्मी असतं. म्हणजे थंड देशातल्या पुस्तकात दिलेली माशांची संख्या आपल्याला जशीच्या तशी घेता येत नाही.

या अमोनियाचं पुढं काय होतं, याचा उलगडा सर्गेई विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञानं १८९०च्या सुमारास केला. काही जिवाणू अमोनियापासून नायट्राइट करतात आणि त्यातून मिळणाऱ्या ऊर्जेवर जगतात. दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्राइटही माशांना विषारीच, नायट्रेट मात्र पुष्कळ सौम्य, शिवाय झाडांना ते खत म्हणून आवडतं. या जिवाणूंना दोनच गोष्टी लागतात: चिकटून राहायला जागा आणि भरपूर प्राणवायू.

जागा किती, ते मोजून पाहण्यासारखं आहे. आपल्या तळ्याचा तळ आणि बाजू मिळून सुमारे १३ चौरस मीटर पृष्ठभाग भरतो. आता वाफ्यात १० मिमी खडीचा ३० सेंटिमीटर जाडीचा थर टाकला, तर तेवढ्या खडीच्या दाण्यांचा मिळून पृष्ठभाग सव्वाशे चौरस मीटरच्या आसपास जातो. तळ्याच्या सुमारे दसपट वस्ती एका कोपऱ्यात. काही आठवड्यांनी ती खडी हाताला बुळबुळीत लागते. तो बुळबुळीतपणा म्हणजेच आपली गाळणी. तो घासून, धुऊन काढायचा नसतो.

वाफा तळ्याच्या क्षेत्रफळाच्या पाचव्या हिश्शाएवढा धरा. ६ चौरस मीटरच्या तळ्याला १.२ चौरस मीटर, म्हणजे २ मीटर लांब आणि ६० सेंटिमीटर रुंद. तळ्याच्या एका बाजूला विटांची, ब्लॉकची किंवा कोकणात जांभ्या चिऱ्यांची पेटी बांधायची, आतून तोच शेततळ्याचा कागद अंथरायचा. काळ्या मातीची जमीन असेल तर पेटीखाली मुरमाचा चांगला कुटलेला थर हवाच. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि बांधकाम उकलते. कागद मात्र तिच्याबरोबर हलतो. पेटीचा काठ तळ्याच्या पाण्यापेक्षा १० ते १५ सेंटिमीटर उंच ठेवा. तळ्याकडच्या बाजूला एक खाच ठेवून तिच्यावर कडप्प्याची लादी बसवा, म्हणजे वर आलेलं पाणी तिच्यावरून परत तळ्यात पडेल. ही पाच-सात सेंटिमीटरची उडी शोभेची नाही, पाण्यात प्राणवायू मिसळतो तो तिथंच. पाणी ३० अंशांवर गेलं की लिटरला जेमतेम साडेसात मिलिग्रॅम प्राणवायू धरतं, २० अंशांना ते नऊ धरतं. वैशाखात पहाटे मासे तोंड वर काढून धापा टाकतात त्याचं एक कारण हे.

पाणी वाफ्यात खालून वर जायला हवं. त्यासाठी पेटीच्या तळाशी लांबीभर ४० मिमीचा पीव्हीसी पाइप ठेवायचा, टोकाला कॅप, आणि दर पाच सेंटिमीटरवर भोक. भोकं खालच्या अंगाला ठेवा, वर ठेवली तर बारीक खडीनं बुजतात. पंपाकडून येणारा पाइप पेटीच्या काठावरून आत उतरवा. कागदाला भोक पाडून पाइप आरपार नेण्याचा आग्रह एखादा प्लंबर धरेल, त्याला नम्रपणे पण ठाम नकार द्या. कागदातल्या भोकाभोवतीचा सांधा आज ना उद्या गळतोच. पेटीच्या एका कोपऱ्यात ४ इंची पाइप उभा करा, खालच्या हातभर भागात आडव्या चिरा पाडलेला आणि वर झाकण असलेला. वर्षातून एकदा त्यात छोटा पंप सोडून तळाचा गाळ उपसायचा. हा उभा पाइप विसरला तर चार-पाच वर्षांनी सगळी खडी उकरावी लागते.

मग खडी. पाइपाभोवती १० सेंटिमीटर ४० मिमीची, त्यावर १० सेंटिमीटर २० मिमीची, वर ३० सेंटिमीटर १० मिमीची. एकूण ०.६ घनमीटर, म्हणजे २१ घनफूट. ब्रासचा पाचवा हिस्सा आणि वर थोडी. वजन ९०० किलोच्या घरात जातं, तेव्हा हा उद्योग गच्चीवर करायचा बेत असेल तर आधी इंजिनिअरला गाठा. आपल्याकडची काळ्या पाषाणाची खडी या कामाला उत्तम, पाण्यात काही सोडत नाही. चुनखडीचे किंवा संगमरवराचे तुकडे मात्र नकोत, ते पाणी आणखी अल्कधर्मी करतात. नदीतले गोटे सुंदर दिसतात, पण आपलं पाणी नितळ करायला नदीचं पात्र ओरबाडणं मला तरी पटत नाही. क्रशरच्या खडीला भुकटी फार असते. पाण्याचा रंग पालटेनासा होईपर्यंत घमेल्या-घमेल्यानं धुवा. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही.

पंप वाफ्यापासून सर्वांत लांबच्या टोकाला, भाजीच्या प्लास्टिक क्रेटमध्ये जाळी गुंडाळून ठेवा. तळ्याचं सगळं पाणी दोन तासांत एकदा वाफ्यातून जावं, म्हणजे ताशी १,८०० लिटर. खोक्यावर छापलेला आकडा पाणी वर चढवायचं नसतानाचा असतो, म्हणून २,५०० ते ३,००० लिटरचा घ्या. या वेगानं पाण्याला खडीतून वर यायला सुमारे आठ मिनिटं लागतात. पंप चोवीस तास चालला पाहिजे. ४० वॅटचा असेल तर महिन्याला २९ युनिट जातात. ही बचत करायची जागा नाही, कारण पंप थांबला की खडीतला प्राणवायू काही तासांत संपतो आणि जिवाणू गुदमरू लागतात. दिवसभर वीज गेली असेल, तर आली की लगेच बटण दाबू नका. आधी उभ्या पाइपातून वाफ्यातलं कुबट पाणी उपसून झाडांना घाला, मग पंप सुरू करा. आणि पाणी व वीज एकत्र येणार आहेत, तेव्हा या लाइनला आरसीसीबी आणि चांगलं अर्थिंग असल्याशिवाय पंप पाण्यात उतरवूच नका.

वाफ्यात पाण्याची पातळी खडीच्या दोन सेंटिमीटर खाली ठेवा. वर पाणी उघडं दिसलं की तिथं डास अंडी घालतात.

रोपं लावताना मुळांची माती पूर्ण धुऊन टाका. खडीत ना माती, ना शेणखत. अन्न पाण्यातूनच मिळालं पाहिजे, नाहीतर झाडं पाण्याकडे बघणारच नाहीत. कर्दळ आणि वेखंड मागच्या बाजूला, मध्ये अळू, नर्सरीत अंब्रेला पाम म्हणून मिळणारा लव्हाळा, आणि काठावर खडी झाकायला ब्राह्मी. एवढ्या वाफ्याला दहा-बारा रोपं पुरतात. पाणकणीस दिसायला देखणं, पण त्याचे टोकदार कंद कागद फोडू शकतात, लहान तळ्यात नको. जलपर्णी तर चुकूनही नको. ती पाणी साफ करते हे खरं, पण तिचं एक रोप नाल्यात गेलं की पुढं काय होतं ते मुळा-मुठेच्या काठी राहणाऱ्यांना सांगायला नको.

आणि झाडं कापायला शिका. पाण्यातलं नायट्रेट पानांत गेलं, ते पान पिवळं पडून पाण्यातच कुजलं, तर सगळं पुन्हा पाण्यात. कर्दळीचे फुलून गेलेले दांडे बुंध्याशी कापायचे, अळूची जुनी पानं काढायची आणि खताच्या खड्ड्यात टाकायची. पाण्यातलं जादा खत तळ्याबाहेर जातं ते या कोयत्यानं, पंपानं नाही.

वाफा तयार झाला की नळाचं पाणी भरून दोन दिवस पंप चालवा, म्हणजे क्लोरीन उडून जाईल. ओळखीच्या कुणाचं निरोगी तळं किंवा जुना फिशटँक असेल तर तिथली मूठभर न धुतलेली खडी आणून वाफ्यात पुरा, जिवाणूंचं ते विरजण. पुढं चार ते सहा आठवडे थांबायचं. दोन-तीन दिवसांनी चिमूटभर मत्स्यखाद्य टाकत राहायचं, म्हणजे जिवाणूंना खायला मिळेल. या काळात पाणी हिरवं होईल. बहुतेक जण इथं घाबरतात आणि पाणी बदलतात. बदलू नका. नव्या पाण्याबरोबर नवी खनिजं येतात, हिरवेपणा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. झाडांची मुळं पसरली आणि कुमुदिनीच्या पानांनी निम्मं पाणी झाकलं की तो आपोआप ओसरतो.

पण डास चार आठवडे थांबत नाहीत. गरम हवेत अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. म्हणून एवढा एकच अपवाद: आठ-दहा गप्पी मासे लगेच सोडा. राज्यात अनेक ठिकाणी आरोग्य केंद्रांतून ते मिळतात. ३,६०० लिटरला त्यांचा भार नगण्य. मात्र गप्पी मूळचा दक्षिण अमेरिकेतला, तो आपल्या तळ्यातच राहिला पाहिजे. लोकांनी हौसेला कंटाळून सोडलेले परके मासे नद्या-धरणांत कसे माजतात, ते उजनीतल्या सकर माशानं दाखवून दिलं आहे. म्हणून पावसाळ्यात तळं भरून वाहील तेव्हा ते पाणी गटारात किंवा ओढ्यात न जाता, जाळी लावलेल्या पाइपातून बागेच्या आळ्यांत मुरेल अशी सोय आत्ताच करा. १०० मिमी पाऊस एका रात्रीत झाला तर नुसत्या तळ्यावर ६०० लिटर पडतं, छपराचं पाणी वेगळंच.

मत्स्यालयाच्या दुकानात अमोनिया आणि नायट्राइट तपासण्याचे संच मिळतात, ते दोन्ही आणून ठेवा. लागोपाठ आठवडाभर दोन्ही शून्य दाखवू लागले की वाफा कामाला लागला असं समजा. त्यानंतर कोणते मासे, किती, आणि एवढ्या पाण्यात कोई का नकोत, ते पुढच्या आठवड्यात.