कोनशिलेनंतरची रांग

भंडारा जिल्ह्यात पवनी तालुक्यात वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे. १९८३ साली त्याला पहिली प्रशासकीय मान्यता मिळाली, तेव्हा किंमत धरली होती ३७२ कोटी २२ लाख रुपये. २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधी यांच्या हस्ते भूमिपूजन झाले. २००९ मध्ये केंद्राने त्याला राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा दिला. पुढे सुधारित किंमत १८ हजार ४९४ कोटींवर गेली, म्हणजे मूळ किमतीच्या जवळपास पन्नास पट. नागपूर, भंडारा आणि चंद्रपूर जिल्ह्यांतली अडीच लाख हेक्टर जमीन भिजवायची असे ठरले होते. धरण केव्हाच उभे राहिले, पाणीही अडले. कालव्यांनी मात्र दोन पिढ्यांना वाट पाहायला लावली.

असा प्रकल्प निघाला की चर्चा थेट भ्रष्टाचारावर जाते. ती व्हायलाच हवी. पण एकही रुपया खाल्ला गेला नसता तरी हे काम पुष्कळ रेंगाळले असते असे माझे मत आहे. कारण हा विलंब फायलीवरच्या रीतसर सह्यांमधूनही जन्माला येतो. राज्य सरकार मोठे काम ठरवते कसे आणि त्याला रांगेत उभे करते कसे, हे पाहिले की ते कळते.

सुरुवात आराखड्यापासून होते, निदान व्हायला हवी. रस्त्यांच्या बाबतीत ही शिस्त जुनी आहे. १९४३ साली देशभरच्या मुख्य अभियंत्यांची परिषद नागपुरात भरली आणि वीस वर्षांचा आराखडा करण्याची पद्धत तिथून पडली. महाराष्ट्राच्या २००१ ते २०२१च्या रस्ते विकास योजनेत सुमारे ३ लाख ३७ हजार किलोमीटर लांबीचे उद्दिष्ट होते. रस्ता या योजनेत असेल तर त्याला क्रमांक मिळतो, दर्जा मिळतो आणि पुढे पैसे मागायला तोंड मिळते.

पाण्याच्या बाबतीत मात्र वरातीमागून घोडे आले. जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५चा. आधी सगळ्या खोऱ्यांचा एकात्मिक राज्य जल आराखडा करा आणि नवे प्रकल्प त्याच्या चौकटीत घ्या, असे तो सांगतो. आराखड्याला मंजुरी देणाऱ्या, मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील राज्य जल परिषदेची पहिली बैठक झाली ती जानेवारी २०१५ मध्ये, तीही प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेल्यावर. मधल्या काळात आराखडा नव्हता, पण प्रकल्पांना मंजुऱ्या मिळत होत्या.

आराखड्यानंतर येते छाननी. धरण असेल तर आधी पाणी उपलब्धतेचे प्रमाणपत्र लागते: नदीच्या या जागी, वरच्या धरणांचा वाटा वजा जाता, भरवशाचे पाणी उरते किती? मग जमीन, जंगल, पुनर्वसन. आणि मग लाभ-व्यय गुणोत्तर. एक रुपया घातला तर दीड रुपयाचा लाभ दिसला पाहिजे, हा सिंचनाचा सर्वसाधारण निकष; अवर्षणप्रवण आणि डोंगराळ भागाला सवलत, तिथे रुपयाला रुपया चालतो.

या सवलतीमागे जुना वाद आहे. इंग्रज सरकार कालव्यांचे दोन वर्ग करी. पाणीपट्टीतून कर्जाचे व्याज सुटेल ते ‘उत्पादक’ काम आणि दुष्काळापासून वाचवण्यापुरते केलेले ते ‘संरक्षक’. पंजाबातले बारमाही नद्यांवरचे कालवे पहिल्या वर्गात बसत. आपल्या दख्खनच्या पठारावर खर्च जास्त आणि वसुली कमी, त्यामुळे १८७६-७७च्या दुष्काळानंतरचे नीरेसारखे कालवे दुसऱ्या वर्गातले. धनंजयराव गाडगीळांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या लाभक्षेत्राची पाहणी करून १९४८ साली जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात प्रश्नच बदलला. सरकारच्या तिजोरीत किती आले एवढेच का मोजायचे? शेतात, बाजारात, मजुरीत, कारखानदारीत किती आले तेही मोजा. स्वातंत्र्यानंतर वसुलीचा निकष मागे पडून लाभ-व्ययाचा निकष आला, त्याचे एक मूळ या विचारात आहे. मात्र लाभ मोजायचा तर पीकरचना गृहीत धरावी लागते आणि ती कागदावर हवी तशी धरता येते. दीडच्या किंचित वर, काठावर पास झालेले गुणोत्तर दिसले की मला शाळेतली पस्तीस गुणांची उत्तरपत्रिका आठवते.

छाननीत टिकलेल्या प्रस्तावाला प्रशासकीय मान्यता मिळते. कार्यालयात हिला ‘प्रमा’ म्हणतात. वर्तमानपत्रात ‘अमुक प्रकल्पाला इतक्या कोटींची मंजुरी’ असा मथळा येतो तो या टप्प्यावर. वाचणाऱ्याला वाटते, पैसे मिळाले. मिळालेला नसतो एकही रुपया. प्रमा म्हणजे हे काम या किमतीत करायला सरकारची हरकत नाही, एवढेच. पैसे द्यायचे की नाही, किती आणि केव्हा, हे अर्थसंकल्पातल्या तरतुदीवर ठरते, आणि ती दर वर्षी नव्याने मागावी लागते. घोडे पेंड खाते ते इथेच.

तरतुदीचा आकडा वरून खाली येतो. वेतन, निवृत्तिवेतन आणि व्याज आधी बाजूला काढावे लागते. मग महसुली योजना. भांडवली कामांचा मोठा भाग कर्जातून होतो आणि त्या कर्जाला वेसण आहे: वित्तीय तूट राज्याच्या सकल उत्पन्नाच्या साधारण ३ टक्क्यांत ठेवायची. शिवाय राज्याकडे केंद्राचे कर्ज फिटायचे राहिले असेल, तर संविधानाच्या २९३व्या अनुच्छेदानुसार नवे कर्ज काढायला केंद्राची संमती लागते. एवढ्यातून जे उरते ते खात्यांत वाटले जाते. वेतन-निवृत्तिवेतन टाळता येत नाही, व्याज तर नाहीच नाही. तंगीच्या वर्षात कात्री लागते ती भांडवली कामांनाच, कारण कालवा संपावर जात नाही.

अर्थसंकल्पाची पुस्तके उघडली तर लेखाशीर्षांचे आकडे दिसतात. रस्ते आणि पूल बांधायचे ते ५०५४खाली, त्यांची देखभाल ३०५४खाली. पहिला खर्च भांडवली, दुसरा महसुली. या दोन आकड्यांतले अंतर पाहण्यासारखे असते. खड्डे बुजवण्याचे उद्घाटन होत नाही.

आता खात्याला मिळालेल्या आकड्याची वाटणी. एक हिशेब करून पाहू. समजा दहा प्रकल्प आहेत, प्रत्येकी शंभर कोटींचे, आणि वर्षाला मिळतात शंभर कोटी. दोन रस्ते आहेत. एक म्हणजे दर वर्षी एकच प्रकल्प हातात घेऊन पुरा करायचा. दुसरा म्हणजे सगळ्यांना दर वर्षी दहा-दहा कोटी द्यायचे. पहिल्या रीतीने एका वर्षात पहिले धरण पुरे, दुसऱ्या वर्षात दुसरे आणि दहाव्या वर्षअखेर दहावे. दुसऱ्या रीतीने दहा वर्षे कोणालाच पाणी नाही; दहाव्या वर्षअखेर सगळी एकदम पुरी. पहिल्या धरणाला नऊ वर्षांचे पाणी, दुसऱ्याला आठ, अशी बेरीज केली तर पहिल्या रीतीत पंचेचाळीस प्रकल्प-वर्षे सिंचन मिळते, दुसऱ्या रीतीत शून्य. आणि दहाव्या गावाचे नुकसान? काहीच नाही. त्याचे धरण दोन्ही रीतींत दहाव्या वर्षीच पुरे होते.

तरीही सरकारे दुसरी रीत धरतात. कारण दहाव्या गावच्या आमदाराला नऊ वर्षांत दोन निवडणुका लढवायच्या असतात आणि दाखवायला यंत्र, मुरूम, निदान एखादा फलक तरी हवा असतो. सोय म्हणून मग हजार रुपयांची लाक्षणिक तरतूद करून काम पुस्तकात घुसवले जाते. शीर्ष उघडे राहिले की पावसाळी किंवा हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागणीतून पैसे ओतता येतात. एकाला ‘हो’ म्हणायला काहीच पडत नाही आणि ‘नाही’ म्हणायला पडते, म्हणून ‘हो’ची संख्या वाढत जाते. एक ना धड, भाराभर चिंध्या.

ही रांग निव्वळ मर्जीवर सोडू नये म्हणून महाराष्ट्रात एक वेगळी तजवीज आहे. १९५३च्या नागपूर करारापासून विदर्भ-मराठवाड्याला न्याय्य वाटा देण्याचे आश्वासन होते. संविधानाच्या ३७१(२) अनुच्छेदात ते आले. वि. म. दांडेकरांच्या समितीने १९८४ साली पद्धत घालून दिली: रस्ते, सिंचन, आरोग्य अशा एकेका क्षेत्रात राज्याची सरासरी काढा, जिल्हा तिच्या जितका खाली तितका त्याचा अनुशेष. १९९४ साली वैधानिक विकास मंडळे आली आणि राज्यपालांना निधी वाटपाचे निर्देश देण्याचा अधिकार प्रत्यक्षात आला. मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. अनुशेषाची मोजणी कोणता भाग मागे आहे हे चोख सांगते. त्या भागातला कोणता कालवा आधी, हे सांगत नाही. प्रदेशाला वाटा मिळाला, तरी तो त्याच प्रदेशातल्या शंभर कामांत पुन्हा विरघळू शकतो.

रांग मोडून पुढे जाण्याच्या वाटाही आहेत, आणि त्या सगळ्या अर्थसंकल्पाबाहेरच्या पैशाकडे जातात. कृष्णेच्या पाण्यातला महाराष्ट्राचा ५६० टीएमसीचा वाटा मे २००० अखेर अडवायचा, नाहीतर फेरविचारात हातचा जाईल, या धास्तीने १९९६ साली कृष्णा खोरे विकास महामंडळ झाले आणि त्याने बाजारातून चढ्या व्याजाचे रोखे काढून धरणे धरली. पाठोपाठ विदर्भ, तापी, कोकण आणि गोदावरी मराठवाड्याची महामंडळे आली. इथे मुदत कृष्णा पाणीतंटा न्यायाधिकरणाच्या निवाड्याने घातली होती आणि रांग तिने लावली.

समृद्धी महामार्गाचे तसेच, पण कारण निराळे. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता २०१५ साली जाहीर झाला, नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. दहा वर्षे. रस्त्यावर पथकर घेता येतो, पथकराच्या भरवशावर कर्ज उभे राहते, आणि कर्ज एकदा उभे राहिले की काम दर मार्चला तरतुदीची वाट पाहत नाही. गोसीखुर्दच्या कालव्यावर पथकर नाका बसवता येत नाही. ‘उत्पादक’ आणि ‘संरक्षक’ ही जुनी विभागणी कागदावरून गेली, बँकेच्या दारातून परत आली.

तिसरी वाट दिल्लीहून येते. २०१६ मध्ये केंद्राने देशभरातले ९९ रखडलेले सिंचन प्रकल्प निवडून नाबार्डच्या कर्जाची सोय केली. त्यात महाराष्ट्राचे २६ होते. २०१८ साली बळीराजा जलसंजीवनी योजनेत आणखी ९१. निवड बरीचशी ‘थोडक्यासाठी अडलेले आधी’ या तत्त्वावर झाली. वरच्या हिशेबातली पहिली रीत ती हीच. राज्याला स्वतःच्या आमदारांना जे सांगता येत नव्हते, ते ‘केंद्राचा निकष आहे’ म्हणून सांगता आले.

या वाटा न मिळालेल्या कामांच्या नशिबी येते ‘सुप्रमा’, म्हणजे सुधारित प्रशासकीय मान्यता. प्रस्तावात वाढीची कारणे ठरावीक शीर्षांखाली लिहिलेली असतात: दरसूचीतील वाढ, भूसंपादनाची वाढलेली किंमत, संकल्पचित्रातील बदल, व्याप्तीतील बदल, मूळ अंदाजपत्रकातील अपुरी तरतूद. शेवटचे शब्द प्रामाणिक आहेत. सुरुवातीला किंमत कमी दाखवली की गुणोत्तर सुधारते आणि मान्यता सोपी होते; एकदा काम सुरू झाले, जमीन खणली गेली, की पुढची वाढ नाकारणे अवघड. आणि पहिली दोन कारणे बहुतांशी त्या दहा-दहा कोटींची लेकरे आहेत.

आपल्या तालुक्यातल्या प्रकल्पाचे काय होणार हे पाहायला दोनच आकडे पुरतात: उरलेली किंमत आणि यंदाची तरतूद. समजा ६०० कोटींचे काम बाकी आहे आणि तरतूद १५ कोटींची. भागाकार केला तर चाळीस वर्षे येतात. पण तोही फसवा. दर वर्षाला ५ टक्क्यांनी जरी दर वाढले, तर ६०० कोटींच्या कामावर वाढ होते ३० कोटींची आणि खर्च होतात १५. पुढच्या मार्चला बाकी निघते साधारण ६१५ कोटी.