दारू सोडणाऱ्यांची बैठक

दिंडोरी आणि पेठ या बाजूंची भाजी पंचवटीच्या मार्केट यार्डात येते. लिलाव होतो. हातात पैसे पडतात. बहुतेकांचे पैसे घरी पोचतात. काहींचे मात्र वाटेतल्या गुत्त्यातच राहतात. घरधनिणीने उन्हात खुडलेल्या मेथीचे पैसे, पोराच्या वह्यांचे पैसे, सगळे तिथेच. सकाळी तोच माणूस कानाला हात लावतो. रामकुंडावर जाऊन शपथ घेतो. चार दिवस बरे जातात आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

तो खोटे बोलतो का? आम्हांला तसे वाटत नाही. शपथ घेताना त्याच्या मनात खरेच असते. पण दारूचे व्यसन हा आजार आहे. एकट्याच्या शपथेने तो हटणे फार अवघड. म्हणून दारू सोडू पाहणारी माणसे एकत्र जमतात. त्या बैठकीची माहिती आज आम्ही देत आहोत.

ही रीत अमेरिकेत निघाली. बिल विल्सन नावाचा एक माणूस शेअरबाजारात काम करी. दारूने त्याचे सगळे घालवले होते. डिसेंबर १९३४ मध्ये त्याने दारू सोडली. पुढच्या मे महिन्यात कामासाठी तो ॲक्रन शहरी गेला. काम फसले. परका मुलूख, खिशात पैसा नाही, आणि उतरला होता तिथेच दारू मिळत होती. जीव तिकडे ओढू लागला. तेव्हा त्याने इकडेतिकडे फोन केले. "माझ्यासारखा दारूने गांजलेला इथे कोणी आहे का?" असे विचारले. त्यातून डॉक्टर बॉब स्मिथ यांची गाठ पडली. डॉक्टर पाव तासच बसणार होते, पण बोलणे सहा तास चालले. बिलने उपदेश केला नाही. फक्त आपली कहाणी सांगितली. १० जून १९३५ नंतर डॉक्टरांनी दारू घेतली नाही. तोच दिवस त्यांच्या संघटनेचा जन्मदिवस मानतात. तिचे नाव अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे निनावी दारुडे. लोक नुसते 'एए' म्हणतात. आपल्या देशात हे काम १९५७ साली सुरू झाले. नाशकातही एएचे गट आहेत.

बैठकीत काय होते? खुर्च्या मांडलेल्या असतात. दहावीस माणसे बसतात. कोणी हमाल, कोणी मास्तर, कोणी मोठा बागाईतदार. एकेक जण उठतो, फक्त आपले नाव सांगतो आणि म्हणतो, "मी दारुडा आहे." मग काय काय गमावले आणि आता कसे चालले आहे, ते सांगतो. मधे कोणी बोलत नाही, कोणी हसत नाही. तुम्हांला बोलायचे नसेल तर नुसते ऐका. फी नाही, वर्गणीची सक्ती नाही. दारू सोडायची इच्छा असली की झाले. जन्मभराची शपथही कोणी घालत नाही. "आजचा दिवस घेऊ नका" एवढेच सांगतात. उद्याचे उद्या. ही गोष्ट आम्हांला फार शहाणपणाची वाटते.

"पण दादा, गावात कळलं तर?" ही भीती पुष्कळांना असते. तिथे ऐकलेले बाहेर सांगायचे नाही, असा त्यांचा रिवाजच आहे. आडनाव, गाव कोणी विचारत नाही. शिवाय बाजारासाठी नाशकात येणे तर नेहमीचेच. आणि खरे बोलायचे तर, गुत्त्यावर जाताना गावाने पाहिलेलेच असते.

बैठक शोधायची कशी? १४४४६ या सरकारी नंबरावर फोन करा. त्याला पैसे पडत नाहीत. सरकारी दवाखान्यात मनाच्या आजाराच्या डॉक्टरांना विचारा. ओळखीतल्या ज्याने दारू सोडली असेल, त्याला विचारलेत तर सर्वांत उत्तम. तो स्वतः घेऊन जाईल. वार आणि वेळ आधी नीट विचारून घ्या, म्हणजे हेलपाटा पडणार नाही.

एक गोष्ट जिवाची आहे, ती लक्षपूर्वक वाचा. जो रोज भरपूर पितो, त्याने एकदम दारू तोडली तर हातपाय थरथरतात. फिट येऊ शकते. दोनचार दिवसांत भ्रमही होतो, त्यात माणूस दगावू शकतो. म्हणून आधी डॉक्टरला गाठा. औषधपाणी आणि बैठक दोन्ही लागतात. पुण्याचे मुक्तांगण हे केंद्र डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केले. तिथेही उपचारानंतर बैठकांना येत राहायला सांगतात.

एकदा जाऊन भागत नाही. पहिल्या दिवशी अवघडल्यासारखे होते. चारसहा वेळा जा, मग ठरवा. मधेच कोणी घसरला, पुन्हा प्यायला, तरी त्याला हाकलत नाहीत. "या, बसा," म्हणतात. नाशिकच्या द्राक्षांची वाईन आता दूरदूर जाते. "ती काय दारू आहे?" असे सांगणारे मित्रही भेटतील. व्यसन जडलेल्याला ती दारूच.

नवरा यायला तयार नसेल, तर बायकोने काय करावे? घरच्या माणसांसाठी अल-ॲनॉन नावाच्या वेगळ्या बैठका असतात. बिलची बायको लुइस हिने १९५१ साली त्यांची सुरुवात केली. नवरा पीत असला तरी बायकोला तिथे जाता येते. त्याची परवानगी लागत नाही.