घोडीला ‘वांझ’ ठरवण्याआधी : प्रजननाच्या पाठाला जोडून एक वाचन



दहावीच्या विज्ञानातला ‘सजीवांतील जीवनप्रक्रिया भाग-2’ हा पाठ आला की वर्गात कुजबुज सुरू होते आणि आपणही तो जरा घाईनेच उरकतो. प्राण्याचे उदाहरण घेतले तर मुले मोकळेपणाने प्रश्न विचारतात. म्हणून आज घोडीचे उदाहरण घेऊया.

पेण-रोह्याकडच्या बऱ्याच मुलांना ‘गाय माजावर आली’, ‘म्हैस गाभण राहिली’, ‘गाय उलटली’ हे शब्द घरातूनच माहीत असतात. घोडी मात्र दिसते ती वरातीत, नाहीतर माथेरानच्या सहलीत. माथेरान आपल्याच रायगड जिल्ह्यातले. तिथे पर्यटकांच्या गाड्यांना बंदी असल्याने घोड्यावर कित्येक घरांची चूल पेटते. असा माणूस घोडीकडून शिंगराची आशा धरतो तेव्हा ती राहिली नाही तर त्याचे अख्खे वर्ष जाते. मग एक शब्द पटकन तोंडी येतो : वांझ. हा शब्द कितपत खरा, ते बघूया.

वेळेचे गणित

घोडीचे ऋतुचक्र साधारण 21 दिवसांचे असते. त्यातले 5 ते 7 दिवस ती माजावर असते. अंडपेशी बाहेर पडते ती माज संपायच्या एक-दोन दिवस आधी, आणि पुढे काही तासच टिकते. म्हणजे माजाच्या पहिल्या दिवशी घोडा दाखवला आणि पुढे लक्ष दिले नाही, तर घोडी धडधाकट असूनही उलटते.

प्रकाशाचाही परिणाम होतो. थंड देशांत हिवाळ्यात बहुतेक घोड्यांचे अंडाशय शांत असते आणि दिवस मोठा होऊ लागला की जागे होते. म्हणून तिथे तबेल्यात दिवे लावून दिवस 16 तासांचा करतात. आपल्याकडे दिवस-रात्रीतला फरक कमी, त्यामुळे हा परिणामही सौम्य असतो.

तपासणीत काय बघतात?

पशुवैद्य गुदमार्गातून हात घालून अंडाशय आणि गर्भाशय चाचपतात. त्याच मार्गाने सोनोग्राफीही करतात. पडद्यावर अंडाशयातली पुटिका वाढताना दिसते. ती साधारण 35 ते 45 मिलिमीटरची झाली की अंडपेशी सुटण्याची वेळ जवळ आली असे समजतात. अंदाजाने घोडा दाखवण्यापेक्षा हे केव्हाही चांगले.

नंतर साधारण 14 ते 16 व्या दिवशी पुन्हा सोनोग्राफी. या तारखेला फार महत्त्व आहे. घोडीत जुळे राहिले तर बहुतेक वेळा दोन्ही गर्भ गमवावे लागतात, कारण एका गर्भाशयात दोघांना पुरेल इतकी वार मिळत नाही. 16 व्या दिवसापर्यंत गर्भ गर्भाशयात फिरता असतो. तोवर जुळे दिसले तर डॉक्टर एक गर्भ दाबून काढतात आणि दुसऱ्याला वाढू देतात. नंतर ते अवघड होत जाते.

साधारण 35 व्या दिवसानंतर गर्भाशयाच्या अस्तरात खास पेशींचे पुंजके तयार होतात. त्यांच्यातून पाझरणाऱ्या संप्रेरकाचा शोध कोल आणि हार्ट यांनी 1930 साली गाभण घोड्यांच्या रक्तात लावला. पण हे पुंजके एकदा तयार झाले की पुढे गर्भ गेला तरी घोडी कित्येक आठवडे नीट माजावर येत नाही. मालकाला वाटते, गाभण आहे. गर्भकाळ सुमारे 11 महिन्यांचा! एक तपासणी चुकली की वर्ष वाया.

घोडी वारंवार उलटत असेल तर गर्भाशयातला स्राव घेऊन जंतुसंसर्ग तपासतात. संसर्ग असला तर औषध देतात, द्रव साचला असला तर गर्भाशय धुतात. योनिद्वार नीट मिटत नसेल आणि हवा-घाण आत जात असेल तर वरच्या भागाला टाके घालतात. एवढ्यानेही काही घोड्या गाभण राहतात.

त्यापुढची तपासणी म्हणजे अस्तराचा छोटा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघणे. त्यावरून अस्तराचे चार वर्ग करतात. पहिल्या वर्गातल्या घोडीची शिंगरू देण्याची शक्यता 80 टक्क्यांच्या पुढे, शेवटच्या वर्गात सुमारे 10 टक्के. लक्षात घ्या, सगळ्यात वाईट वर्गातही शक्यता शून्य नाही.

मग खरोखर वांझ कोण?

काही घोड्यांत एक X गुणसूत्र नसतेच, 64 ऐवजी 63 गुणसूत्रे असतात. नववीत आपण टर्नर सिंड्रोम शिकवतो, तसेच हे. अशा घोडीला उपचाराने गाभण करता येत नाही. पण तिथेही दोष तिचा नसतो, पेशीविभाजनातली ती एक चूक असते. खेचरातही गुणसूत्रे 63 च, पण कारण वेगळे : घोडीची 64, गाढवाची 62, म्हणून त्यांच्या पिल्लात जोड्या नीट जुळत नाहीत.

आणि घोड्याचे काय? त्याचे वीर्य तपासल्याशिवाय घोडीला नाव ठेवणे चूकच. कधी दोष त्याच्याकडेच निघतो.

वर्गात काय घ्याल?

फळ्यावर 21 दिवसांची रेघ मारा आणि मुलांना माज, अंडपेशी सुटणे, सोनोग्राफी या खुणा करायला सांगा. मग विचारा, ‘घोडी राहिली नाही, तर कारणे कोणती?’ वेळ, प्रकाश, जुळे, जंतू, अस्तर, गुणसूत्रे, घोडा... यादी वाढत जाईल. शेवटी विचारा, ‘या यादीतल्या कुठल्या कारणाला “वांझ” हा शब्द नेमका लागू पडतो?’

पालकहो, हा प्रश्न घरीही विचारून बघा. मूल न झालेल्या बाईला हाच शब्द ऐकवला जातो, तिला मंगल कार्यात मागे ठेवले जाते आणि पुरुषाची तपासणी मात्र टाळली जाते. खरे तर त्याची पहिली तपासणी बाईच्या तपासण्यांपेक्षा किती तरी सोपी. जनावरासाठी आपण कारण शोधतो, मग माणसाला शब्द कशाला चिकटवायचा? एवढे मुलांच्या मनात राहिले, तर पाठ शिकवून झाला म्हणता येईल.