दम लागलाय, मग सोनोग्राफी कशाला? कॅज्युअल्टीतल्या छोट्या मशीनची गोष्ट

रात्रीचे दोन वाजलेले असतात. अब्बांना अचानक दम लागतो. आडवं केलं की जास्त, उठवून बसवलं की जरा बरं. रिक्षा मिळून हॉस्पिटल गाठेपर्यंत घरातल्या सगळ्यांचा जीव टांगणीला लागतो. कॅज्युअल्टीत ऑक्सिजन सुरू होतो. आणि तेवढ्यात एक तरुण डॉक्टर चाकांवरचं छोटं मशीन ढकलत आणतात, अब्बांच्या छातीवर गार जेल लावतात आणि सोनोग्राफी करू लागतात.

"अहो, दम लागलाय त्यांना. पोटाचं काही नाही. सोनोग्राफी कशाला?" मामू विचारतात. "बिल वाढवायचे धंदे," मागून कुणीतरी पुटपुटतं.

असा प्रसंग आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. शंका येणं साहजिक आहे, कारण सोनोग्राफी म्हटलं की आपल्याला गरोदर बाई किंवा मुतखडा एवढंच आठवतं. पण अशा वेळी वाद घालण्यात पाच-दहा मिनिटं गेली, तर ती रुग्णाला महागात पडू शकतात. म्हणून हे मशीन नेमकं काय करतं आणि काय करू शकत नाही, हे आम्ही इथे सोप्या भाषेत मांडत आहोत.

नेहमीच्या सोनोग्राफीपेक्षा वेगळी कशी?

तंत्र तेच आहे. आपल्या कानाला ऐकू न येणारा आवाज शरीरात सोडायचा आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून चित्र उभं करायचं. यात एक्स-रेसारखा किरणोत्सर्ग नसतो, त्यामुळे तपासणी पुन्हा पुन्हा करता येते.

फरक आहे तो हेतूत. सोनोग्राफी सेंटरमध्ये रेडिओलॉजिस्ट पूर्ण पोट नीट तपासतात, मापं घेतात आणि छापील रिपोर्ट देतात. कॅज्युअल्टीतले डॉक्टर मात्र एकच प्रश्न मनात धरून प्रोब ठेवतात. पोटात रक्त साचलंय का? हृदयाभोवती पाणी आहे का? हृदय नीट आकुंचन पावतंय का? उत्तर हो किंवा नाही, आणि तेही काही मिनिटांत, रुग्णाला खाटेवरून न हलवता. म्हणूनच या तपासणीचा जाडजूड रिपोर्ट हातात पडत नाही. डॉक्टर केस पेपरवर दोन ओळी लिहितात आणि पुढच्या उपचाराला लागतात.

छातीत काय दिसतं?

फुप्फुसात हवा असते आणि हवेतून सोनोग्राफीचा आवाज पुढे जात नाही. त्यामुळे फुप्फुसासाठी सोनोग्राफी निरुपयोगी, असंच बराच काळ मानलं जात होतं. फ्रान्समधले आयसीयूचे डॉक्टर डॅनियल लिक्टेनस्टाइन यांनी वेगळा विचार केला. निरोगी फुप्फुसात पडद्यावर आडव्या रेषा दिसतात. फुप्फुसात पाणी भरू लागलं की वरून खाली जाणाऱ्या चमकदार उभ्या रेषा दिसू लागतात. या खुणा वाचून दम लागण्याचं कारण ओळखता येतं, असं त्यांनी दाखवून दिलं. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात २६० रुग्ण होते आणि सुमारे ९० टक्के रुग्णांमध्ये या पद्धतीने कारण बरोबर ओळखता आलं.

आता अब्बांकडे परत येऊ. दमा असेल तर श्वासनलिका मोकळी करणारं औषध वाफेतून द्यायचं असतं. हृदय कमजोर होऊन फुप्फुसात पाणी भरलं असेल तर लघवीवाटे पाणी काढणारं इंजेक्शन लागतं. न्यूमोनिया असेल तर अँटिबायोटिक. बाहेरून तिन्ही रुग्ण सारखेच धापा टाकताना दिसतात, पण औषध वेगळं. पाणी भरलेल्या रुग्णाला भराभर सलाईन चढवलं तर तब्येत आणखी बिघडते. छातीवर फिरलेला तो प्रोब हाच निवाडा लवकर करायला मदत करतो.

बाइकचा अपघात

आपल्या घरातली पोरं बाइकवरून पडतात, उठून बसतात आणि म्हणतात, "काही नाही झालं, नुसतं खरचटलंय." पण हँडल पोटात घुसून यकृत किंवा प्लीहा फाटली असेल, तर रक्त आतल्या आत साचत राहतं. बाहेर एक थेंबही दिसत नाही.

अशा वेळी डॉक्टर 'फास्ट' नावाची तपासणी करतात. यात चार जागा पाहतात: उजवीकडे यकृत आणि मूत्रपिंडाच्या मधली जागा, डावीकडे प्लीहेजवळची जागा, खाली मूत्राशयाच्या आसपास आणि वर हृदयाभोवती. साचलेलं ताजं रक्त पडद्यावर काळं दिसतं. हल्ली छातीच्या दोन्ही बाजूही पाहतात, म्हणजे फुप्फुसाबाहेर हवा किंवा रक्त साचलंय का ते कळतं. जर्मनी आणि जपानमधले डॉक्टर १९७० आणि १९८० च्या दशकांतच अशी तपासणी करत होते. १९९० च्या दशकात अमेरिकेत तिला 'फास्ट' हे नाव मिळालं आणि ती जगभर पसरली.

रक्तदाब घसरतोय आणि पोटात रक्त दिसतंय, असं असेल तर डॉक्टर अनेकदा सीटी स्कॅनसाठी न थांबता थेट ऑपरेशनचा निर्णय घेतात. "आधी सगळे रिपोर्ट येऊ द्या, मग बघू," असं म्हणण्याची ती वेळ नसते.

लेकी-सुनांच्या बाबतीत

हा मुद्दा नाजूक आहे, पण टाळून चालणार नाही. तरुण विवाहित मुलीच्या पोटात अचानक जोराचं दुखतं, चक्कर येते, चेहरा पांढरा पडतो. घरचे म्हणतात, गॅस झाला असेल. पण गर्भ गर्भाशयाऐवजी नळीत वाढत असेल आणि नळी फुटली, तर पोटात वेगाने रक्तस्राव होतो. यात जीव जाऊ शकतो.

लघवीची गरोदरपणाची चाचणी आणि खाटेवरची सोनोग्राफी, या दोन्हींतून डॉक्टरांना लवकर अंदाज येतो. चाचणी पॉझिटिव्ह, गर्भाशय रिकामं आणि पोटात रक्त, असं दिसलं की धोक्याची घंटा. म्हणूनच डॉक्टर "पाळी कधी आली होती?" असं विचारतात. सासू, दीर, चुलते सगळे भोवती उभे असले तर मुलगी खरं सांगायला कचरते. तिला डॉक्टरांशी दोन मिनिटं एकटीला बोलू द्या. यात तिच्या चारित्र्यावर शंका घेण्याचा प्रश्नच नाही.

पडद्याचंही तसंच. पडदा लावा, शेजारी नर्स किंवा घरातली बाई उभी राहू द्या, लागेल तेवढाच भाग उघडा करा, हे सांगण्याचा आपल्याला हक्क आहे आणि ते जरूर सांगावं. लेडी डॉक्टर हजर असतील तर उत्तमच. पण त्या येईपर्यंत तपासणी थांबवून ठेवू नका. जिवावर बेतलेलं असताना उपचारासाठी सवलत आहे, हे आपले उलेमाही सांगत आले आहेत.

आयसीयूत रोज कशाला?

आयसीयूतल्या रुग्णाची अवस्था तासागणिक बदलते. काल सलाईनची गरज होती, आज तेच जास्त होतंय का, हृदय औषधाला साथ देतंय का, हे पुन्हा बघावं लागतं. शिवाय मानेतल्या मोठ्या शिरेत नळी घालताना सुई नेमकी कुठे चाललीय हे पडद्यावर दिसलं, तर शेजारची धमनी टोचली जाण्याचा धोका कमी होतो. मानेतल्या शिरेसाठी सोनोग्राफी वापरावी, अशी शिफारस ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने २००२ मध्येच केली होती.

याच्याही मर्यादा आहेत

हे मशीन सगळं सांगत नाही. हार्ट अटॅकसाठी ईसीजी आणि रक्ताची तपासणी लागतेच. लकवा किंवा डोक्याला मार असेल तर सीटी स्कॅनला पर्याय नाही. पोटात गॅस जास्त असेल किंवा शरीर स्थूल असेल तर चित्र धूसर येतं. रक्त अगदी थोडं असेल किंवा आतडं फाटलं असेल, तर पहिल्या तपासणीत ते सुटू शकतं. म्हणून "सोनोग्राफी नॉर्मल आली, चला घरी" अशी घाई करू नका. डॉक्टर थांबायला सांगत असतील किंवा काही वेळाने पुन्हा तपासत असतील, तर त्याला कारण असतं. तपासणाऱ्याचा हात किती सरावलेला आहे, यावरही बरंच अवलंबून असतं.

कायद्याचा भाग

हॉस्पिटलात "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" ही पाटी आपण पाहतो. गर्भलिंग निदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ मध्ये, देशात सर्वांत आधी, कायदा केला. त्यानंतर १९९४ चा केंद्राचा कायदा आला आणि २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. त्यामुळे कॅज्युअल्टीतलं छोटं मशीनही नोंदणीशिवाय ठेवता येत नाही किंवा मनाला येईल तिथे उचलून नेता येत नाही. गरोदर बाईची तपासणी असेल तर फॉर्म भरावा लागतो. त्यावर चिडू नका. आणि "मुलगा की मुलगी, जरा बघा ना" असं गमतीतही विचारू नका. विचारणं हाही गुन्हा आहे आणि त्याला तुरुंगवासाची शिक्षा आहे.

मग घरच्यांनी काय करायचं?

एकाच जबाबदार माणसाने डॉक्टरांशी बोलावं. चालू गोळ्यांची पाकिटं आणि जुने कागद सोबत न्यावेत. तपासणी चालू असताना मध्ये बोलू नये, पण झाल्यावर तीन प्रश्न जरूर विचारावेत: तुम्ही काय शोधत होता? काय दिसलं? त्यामुळे उपचारात काय बदल होणार? चांगला डॉक्टर याची उत्तरं दोन वाक्यांत देतो. याची नोंद केस पेपरवर आहे का आणि वेगळा चार्ज लागणार आहे का, हेही शांतपणे विचारता येतं. तो आपला हक्कच आहे.

शंका विचारायला हरकत नाही, फक्त ती विचारताना रुग्णाचा वेळ जाऊ नये. हा लेख घरातल्या मोठ्यांना वाचून दाखवा, विशेषतः हॉस्पिटलात सगळ्यांच्या पुढे उभ्या राहणाऱ्या मामूंना.