एकट्याने आलेला भिडू

पत्त्यांचा डाव मांडावयाचा तर आधी माणसे जमवावी लागतात. तिघे बसलेले आहेत आणि चौथा भिडू मिळत नाही, अशा वेळी जिन्यावरून जाणाऱ्या शेजाऱ्याला हाताला धरून आत ओढण्याची रीत घरोघर होती. नोकरीनिमित्त परप्रांती गेलेल्या माणसाची पंचाईत नेमकी येथेच होते. दिल्लीच्या किंवा बंगळूरच्या भाड्याच्या खोलीत पत्त्यांचा जोड मिळतो, बुद्धिबळाचा पटही मिळतो. मिळत नाही तो भिडू. इंटरनेटवरील सामूहिक खेळांनी ही अडचण एका परीने दूर केली आहे. मोबाइलवरची कळ दाबावी, आणि थोड्याच वेळात दोन, चार किंवा शंभर माणसे त्याच डावात येऊन उभी राहतात. मात्र ती सारी अनोळखी असतात. प्रथमच तेथे पाऊल टाकणाऱ्याला जी धास्ती वाटते, ती यंत्राची नसून या माणसांची असते. आपण अडाणी ठरू, सोबत्यांचा डाव आपल्यामुळे बुडेल, कोणी तरी वाटेल ते बोलेल, अशी ती धास्ती असते. ती अगदीच निराधार नाही. परंतु या खेळांची घडण समजली म्हणजे तिचा बराचसा भाग गळून पडतो.

या खेळांच्या वंशवृक्षाचे एक मूळ इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात सापडते. १९७८ साली रॉय ट्रबशॉ या विद्यार्थ्याने तेथील संगणकावर एक काल्पनिक प्रदेश रचला आणि त्याच्या सहाध्यायाने, रिचर्ड बार्टलने, तो पुढे वाढविला. चित्र नाही, आवाज नाही. पडद्यावर केवळ अक्षरे. अमुक दिशेला जाण्याची आज्ञा लिहावी आणि पुढच्या जागेचे वर्णन वाचावे, एवढाच व्यवहार. नवल होते ते हे, की त्याच जागी त्याच क्षणी दुसराही कोणी हिंडत असे.

अशा प्रदेशांत लोक कशासाठी येतात, याचा विचार करून बार्टलने १९९६ साली एक निबंध लिहिला. त्यात त्याने खेळाडूंचे चार वर्ग पाडले आणि त्यांना पत्त्यांच्या चार रंगांची नावे दिली. चौकटचे इंग्रजी नाव हिऱ्याचे. म्हणून गुण, पदव्या आणि संपत्ती मिळविण्यासाठी खेळणारे ते चौकट. इस्पिकचे इंग्रजी नाव जमीन खणण्याच्या हत्याराचे. कानाकोपरा उकरून पाहणारे ते इस्पिक. बदाम म्हणजे हृदय. त्या वर्गातल्यांना खेळापेक्षा माणसांत रस. आणि किलवरच्या इंग्रजी नावाचा अर्थ सोटा. दुसऱ्याला चीत करण्यात ज्यांना गोडी, ते त्या रंगाचे. अर्थात एकच मनुष्य सकाळी इस्पिक आणि रात्री किलवर असू शकतो, आणि बार्टलची ही विभागणी काही शास्त्राचा नियम नव्हे. तरीही एकट्याने सुरुवात करणाऱ्याने कोणता खेळ सर्वांत गाजला आहे हे विचारण्याआधी आपला रंग कोणता हे विचारावे, यातच त्याचे हित आहे. बदाम वृत्तीचा माणूस बंदुकीच्या खेळात शिरला आणि तेथे कोणी बोलेना म्हणून कष्टी झाला, तर दोष ना त्याचा, ना खेळाचा.

इस्पिक आणि चौकट या वृत्तींच्या माणसांना एक गोष्ट ऐकून धीर येईल. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' हा हजारो लोकांनी एकाच वेळी खेळावयाचा खेळ २००४ साली निघाला. त्यातील खेळाडूंचा वेळ कसा जातो, याचा अभ्यास २००६ साली अमेरिकन संशोधकांनी प्रसिद्ध केला. पुष्कळसे लोक बराच काळ एकटेच खेळतात, असे त्यांना दिसून आले. मग इतरांचा उपयोग काय? तर इतर माणसे त्यांना सोबती म्हणून नव्हे, प्रेक्षक म्हणून आणि भोवतीची वर्दळ म्हणून हवी असतात. जत्रेत एकट्याने फिरणाऱ्यास हे सांगावे लागत नाही. तो कोणाशी चार शब्दही बोलत नाही. पण तीच जत्रा ओस पडली असती तर तो गेलाही नसता.

आता अडाणी ठरण्याच्या भीतीकडे वळावे. मुलांच्या खेळात एखादे लहान भावंड आले तर त्याला 'कच्चे लिंबू' ठरवितात. ते पळते, ओरडते, पण त्याच्यावर राज्य येत नाही. या नव्या खेळांनी हीच सोय आपल्या पद्धतीने केली आहे. 'फोर्टनाइट' या खेळाने २०१९ पासून नवागतांच्या डावांत संगणकानेच चालविलेले कच्चे प्रतिस्पर्धी पेरण्यास सुरुवात केली. त्यामुळे पहिल्या दोन-चार विजयांनी कोणी फार हुरळून जाऊ नये.

यापेक्षा खोल व्यवस्था आहे ती गुणांकनाची. आर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकन प्राध्यापकाने बुद्धिबळासाठी एक पद्धत बसविली. अमेरिकेच्या बुद्धिबळ संघटनेने ती १९६० साली आणि जागतिक संघटनेने १९७० साली स्वीकारली. प्रत्येक खेळाडूला एक अंक द्यावयाचा. दोघांच्या अंकांत २०० चा फरक असेल, तर वरच्याने चारांपैकी सुमारे तीन गुण मिळवावेत अशी अपेक्षा. अपेक्षेहून अधिक मिळविले तर अंक चढतो, कमी मिळविले तर उतरतो. मार्क ग्लिकमन यांनी या पद्धतीत पुढे एक मार्मिक भर घातली. अंकाबरोबरच त्या अंकावर कितपत भरवसा ठेवावा, हेही मोजावयाचे. लिचेस या विनामूल्य बुद्धिबळस्थळावर हे स्पष्ट दिसते. तेथे नवागताला १५०० हा अंक मिळतो आणि त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह असते. पहिल्या काही डावांत हा अंक धडाधड कोसळतो किंवा उसळी घेतो. पुढे तो स्थिरावतो आणि प्रश्नचिन्ह गळून पडते. पुष्कळ लोक नेमके या कोसळण्याच्या काळातच खेळ सोडून देतात. वास्तविक ते पराभव म्हणजे शिंप्याने घेतलेले माप होय. माप पुरे झाले की समोर येणारा प्रतिस्पर्धी जवळजवळ तितकाच कच्चा किंवा तितकाच पक्का असतो.

पहिला खेळ म्हणून बुद्धिबळच घ्यावे, असे सुचविण्यास आणखीही कारण आहे. तेथे बोलावे लागत नाही, आणि हरल्यास कोणा सोबत्याचे नुकसान होत नाही. ज्याला तेही जड वाटेल, त्याला २०१६ साली नवी मुंबईतील कंपनीने आणलेले 'लुडो किंग' आहेच. २०२० च्या टाळेबंदीत त्याच्या फाशांनी घराघरांत ठाण मांडले होते. शंभर जणांना एका बेटावर उतरविणाऱ्या 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया'सारख्या खेळातही एकट्याने, दोघांनी की चौघांनी खेळावयाचे, हे आधी निवडता येते. चौघांत जावयाचे ते घरात अर्धा तास मोकळा असेल तेव्हाच. असा डाव मध्येच थांबविता येत नाही, आणि दूध उतू जाते आहे म्हणून उठून जाणारा मागे तिघांना अडचणीत टाकतो.

उरला प्रश्न भाषेचा. चेन्नईतील मराठी मुलाच्या चमूत एक पंजाबी आणि दोन मल्याळी आले, तर बोलावे कसे? २०१९ साली आलेल्या 'एपेक्स लेजंड्स' या खेळाने येथे मोठी सोय केली. एक कळ दाबून शत्रू, वस्तू किंवा वाट यांवर खूण उमटवावयाची. सोबत्यांना ती लगोलग दिसते. मौन पाळूनही चांगला भिडू होता येते, हे त्यामुळे सिद्ध झाले. शिवीगाळ करणाऱ्याचा आवाज बंद करण्याची कळही बहुतेक खेळांत असते, आणि ती पहिल्या अपशब्दालाच दाबावी. वाद घालण्यात डावही जातो आणि मनही विटते. खरे नाव, पत्ता, शाळा, फोन यांतले काहीही कोणाला देऊ नये. पैसे लावून खेळण्याचे आमिष दाखविणाऱ्यांपासून तर दूरच राहावे. अशा ऑनलाइन खेळांवर संसदेने २०२५ साली कायद्याने बंदी घातली आहे.

चांगला भेटलेला सोबती मात्र हातचा जाऊ देऊ नये. डाव संपताच त्याच्या नावापुढे मैत्रीची विनंती धाडण्याची सोय असते. संकोचाने ती तशीच राहते आणि तो माणूस पुन्हा कधी सापडत नाही. २०१२ साली निघालेल्या 'जर्नी' या खेळात तर दोन अनोळखी प्रवासी वाळवंट तुडवीत एका डोंगराकडे जातात. त्यांना बोलता येत नाही, एकमेकांचे नाव दिसत नाही. केवळ एक सुरेल साद घालता येते. बर्फात दोघे एकमेकांच्या जवळ राहिले तर ऊब टिकते. आणि वाटेत कोण कोण भेटले होते, त्यांची नावे प्रवास संपल्यावर अगदी शेवटी पडद्यावर येतात.