गोळीबार, मतपेटी आणि न झालेली चौकशी

निवडणुकीचा निकाल अमान्य असलेले लोक रस्त्यावर उतरतात आणि सरकार त्यांना बंदुकीच्या जोरावर पांगवते, अशा बातम्या गेल्या वीस-पंचवीस वर्षांत बहुतेक आफ्रिकेतून व पश्चिम आशियातून येत असल्याने मराठी वाचकाला हा प्रकार परका वाटणे साहजिक आहे. केनियात डिसेंबर 2007 च्या वादग्रस्त अध्यक्षीय निवडणुकीनंतर जो हिंसाचार उसळला, त्यात 1,133 माणसे मेली आणि त्यांपैकी 405 जण गोळी लागून मेले, अशी नोंद तेथील चौकशी आयोगाने केली. महाराष्ट्राचा अनुभव याहून निराळा असला तरी दूरचा नाही, कारण या राज्याच्या स्थापनेमागे 1955-56 चा गोळीबार आहे आणि त्या गोळीबारामागचा वादही मुळात प्रतिनिधित्वाचाच होता: लोकांनी निवडून दिलेले सभागृह लोकांच्याच मनाविरुद्ध निर्णय घेऊ लागले, तर जनादेश कोणाकडे आहे असे मानायचे?

1952 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबई राज्याच्या विधानसभेत काँग्रेसला 315 पैकी 269 जागा मिळाल्या होत्या. 1920 च्या नागपूर अधिवेशनापासून याच पक्षाने भाषावार प्रांतांचे तत्त्व स्वीकारून स्वतःच्या प्रांतिक समित्याही त्याच धर्तीवर उभ्या केल्या असल्यामुळे मराठी मतदाराने संयुक्त महाराष्ट्राचा प्रश्न तत्त्वतः सुटलेलाच गृहीत धरला होता. पुढे न्या. फाजल अली यांच्या अध्यक्षतेखालील राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल ऑक्टोबर 1955 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात विदर्भ वेगळा ठेवून मराठी व गुजराती भाषकांचे द्वैभाषिक राज्य सुचवले गेले, आणि त्यावर तोडगा म्हणून काँग्रेसश्रेष्ठींनी त्रिराज्य योजना, म्हणजे महाराष्ट्र, गुजरात आणि मुंबई शहर अशी तीन राज्ये करण्याची योजना, पुढे आणली. तेव्हा 1952 चे बहुमत या योजनेसाठी दिलेले नव्हते, हा आक्षेप गिरणगावापासून कोल्हापुरापर्यंत घेतला जाऊ लागला. विधानसभेत हा विषय चर्चेला असताना 21 नोव्हेंबर 1955 रोजी मुंबईत संप झाला, मोर्चे विधानसभेच्या दिशेने निघाले आणि फ्लोरा फाउंटनच्या परिसरात पोलिसांनी केलेल्या गोळीबारात 15 जण ठार झाले.

त्या वेळी लागू असलेली फौजदारी प्रक्रिया संहिता 1898 ची होती, आणि तिच्यातील जमाव पांगवण्याची तरतूद थोडीफार शब्दरचना बदलून 1973 च्या संहितेत व आता 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 148 मध्येही कायम आहे. पाच किंवा अधिक व्यक्तींचा जमाव कायद्याने ठरवलेल्या हेतूंपैकी एखाद्या हेतूने जमला असेल तर तो ‘बेकायदा जमाव’ ठरतो. दंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याचा प्रभारी अधिकारी त्याला पांगण्याचा हुकूम देतो. हुकूम मानला नाही तर बळ वापरता येते. हे बळ किती असावे यासाठी पोलिसांच्या नियमावलीत ध्वनिक्षेपकावरून इशारा, लाठीमार, अश्रुधूर आणि अगदी शेवटी गोळीबार असा चढता क्रम सांगितलेला असतो, आणि गोळी झाडायचीच वेळ आली तर ती कमरेखाली झाडावी असे बंधन असते. हवेत गोळीबार केला म्हणजे दया दाखवली, असा सर्वसाधारण समज आहे. नियमावल्या मात्र तो टाळायला सांगतात, कारण वर झाडलेली गोळी दंगलीशी काहीही संबंध नसलेल्या दूरच्या माणसाला लागू शकते. कागदावरचा हा क्रम काटेकोर आहे. तो प्रत्यक्षात पाळला गेला की नाही, हे मात्र नंतरच्या चौकशीतूनच कळू शकते, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या इतिहासातील सर्वांत मोठी उणीव नेमकी इथे आहे.

16 जानेवारी 1956 रोजी पंडित नेहरूंनी मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय आकाशवाणीवरून जाहीर केला आणि त्यानंतरच्या आठवड्यात मुंबईत झालेले गोळीबार नोव्हेंबरपेक्षा कितीतरी पटींनी अधिक प्राणघातक ठरले. त्याच निर्णयाने बेळगाव-निपाणीचा भाग कर्नाटकाकडे जाणार हे स्पष्ट झाल्यामुळे तिकडेही आंदोलन पेटले, 17 जानेवारीला बेळगावात गोळीबार झाला आणि सीमाभागात तो दिवस आजही हुतात्मा दिन म्हणून पाळला जातो. कोल्हापूरपासून सुमारे 40 किलोमीटरवरच्या निपाणीतील एका महिलेचे नाव संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांच्या यादीत आहे. ही यादी लोकांच्या तोंडी 105 ची राहिली, पुढे अधिकृत उल्लेखांत आकडा वाढत गेला. मृतांची मोजणी सरकारऐवजी चळवळीने केली की असे होतेच. मोरारजी देसाई यांच्या सरकारने न्यायालयीन चौकशी नाकारली. केंद्रीय अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी राजीनामा दिल्यानंतर जुलै 1956 मध्ये लोकसभेत जे निवेदन केले, त्यात मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याइतकाच चौकशीच्या या नकाराबद्दलचा रोष होता, ही गोष्ट त्यांच्या राजीनाम्याचे गोडवे गाताना सहसा विसरली जाते.

चौकशी नेमली म्हणजे सत्य बाहेर येतेच, असेही नाही. इथियोपियात 2005 च्या निवडणुकीनंतर झालेल्या गोळीबारांसाठी सरकारनेच नेमलेल्या आयोगाला सुरक्षा दलांच्या हातून 193 नागरिक मारले गेल्याचे आढळले, परंतु बळाचा वापर अतिरेकी होता असे मत असलेल्या आयोगाच्या प्रमुखांना देश सोडावा लागला आणि संसदेसमोर वेगळाच निष्कर्ष मांडला गेला. तरीही आकडा उजेडात आला तो आयोगाने कागदपत्रे गोळा केली होती म्हणूनच.

महाराष्ट्राच्या हाती दुसरे साधन होते, आणि ते विश्वासार्ह होते. 6 फेब्रुवारी 1956 रोजी पुण्यात स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीने कम्युनिस्ट, समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन अशा एकमेकांशी फारसे न पटणाऱ्या पक्षांना 1957 च्या निवडणुकीसाठी एका मांडवाखाली आणले. कोल्हापुरात प्रजापरिषदेच्या लढ्यातून पुढे आलेले भाई माधवराव बागल यांच्यासारखे नेते आणि शेतकरी कामगार पक्षाची खेड्यापाड्यांतली घट्ट वीण यांमुळे समितीला तयार जमीन मिळाली. संस्थान विलीन होऊन जेमतेम आठ वर्षे झालेल्या या जिल्ह्याने लोकसभेवर शेकापचे भाऊसाहेब महागावकर यांना पाठवले. शेजारच्या कऱ्हाडात खुद्द मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण अगदी थोडक्या मतांनी तरले. त्रिराज्य योजना मागे पडून दरम्यान गुजरात, विदर्भ व मराठवाड्यासह जे द्वैभाषिक राज्य झाले होते, त्याच्या 396 जणांच्या विधानसभेत काँग्रेसचे 234 सदस्य निवडून आल्यामुळे सत्ता बदलली नाही, पण ते बहुमत मुख्यतः गुजरात, विदर्भ व मराठवाड्याच्या बळावर होते आणि ज्या भागात गोळ्या चालल्या होत्या त्या भागाने स्वच्छ नकार दिला होता. मतमोजणीवर कोणी संशय घेतला नाही, हे इथे फार महत्त्वाचे आहे. केनियात लोकांचा मोजणीवरच विश्वास नव्हता, म्हणून राग काढायला रस्ता उरला. महाराष्ट्रात तो राग मतपेटीत उतरला आणि 1 मे 1960 रोजी राज्य झाले.

सीमाभागाला हा मार्ग लाभला नाही. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचा ठराव 1946 च्या बेळगाव साहित्य संमेलनात झाला, आणि तेच बेळगाव राज्याबाहेर राहिले. त्या जिल्ह्यातला चंदगड तालुका मराठी भाषकांच्या निर्विवाद बहुसंख्येमुळे राज्य पुनर्रचना आयोगाने वगळला व तो कोल्हापूर जिल्ह्याला जोडला गेला, म्हणून चंदगडचा माणूस बाजारहाटाला जवळच्या बेळगावात जात असला तरी मत महाराष्ट्रात देतो. हद्दीपलीकडचा मराठी मतदार महाराष्ट्र एकीकरण समितीचे आमदार वर्षानुवर्षे निवडून देत राहिला, पण बंगळूरच्या सभागृहात त्या चार-पाच जागांचे बहुमत कधीच होणे शक्य नव्हते. कोल्हापूरने 1957 मध्ये मताने जे साधले ते त्यांना कितीही मते देऊन साधणार नव्हते. अशा ठिकाणी आंदोलन पुन्हा रस्त्यावर येते. कन्नड सक्तीच्या विरोधात जून 1986 मध्ये झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळ्यांनी नऊ जणांचा बळी घेतला आणि दर 1 जूनला हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकापाशी, सीमा ओलांडून आलेल्या कोल्हापूरकरांसह, अभिवादन होते. 2005 मध्ये बेळगाव महापालिकेने महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव केला तेव्हा कर्नाटक सरकारने ती लोकनियुक्त महापालिकाच बरखास्त केली. 2018 व 2023 च्या विधानसभा निवडणुकांत समितीचा एकही उमेदवार निवडून आला नाही. त्याला आपसातली फाटाफूट जितकी कारण आहे तितकाच मत देऊनही काही हलत नाही हा अनुभव कारण असावा. महाराष्ट्राने 2004 मध्ये दाखल केलेला सीमावादाचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे.